कृपेचे पद आणि हक्काचे पद : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव

जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी नेमणुकीचा वाद पेटला होता. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अर्थखात्यातील 'रजिस्ट्रार' या पदासाठी ॲडम पॅटर्सन या कृष्णवर्णीय वकिलाचे नाव सुचविले. पॅटर्सन हे विल्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. पण दक्षिणेकडील त्याच पक्षाच्या सिनेट सदस्यांनी असा गदारोळ उठविला की, पॅटर्सन यांनी आपले नाव मागे घेतले. या पदावरील अधिकाऱ्याची सही देशाच्या चलनी नोटांवर छापली जात असे, आणि १८९७ पासून ते पद सलगपणे कृष्णवर्णीयांकडे होते. एका घटनेने ती परंपरा तुटली. ती इतक्या सहज का तुटावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार संघ-शासनातील वरिष्ठ पदांसाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवितो आणि सिनेट त्यास संमती देते. १८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन सत्तेवर आल्यापासून ही नेमणूक पक्षकार्याचे बक्षीस बनली. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने टपाल, जकात व महसूल कचेऱ्यांतील जागा आपल्या माणसांत वाटावयाच्या, ही रीतच पडली. नवा अध्यक्ष निवडून आला की, शिफारसपत्रे घेतलेल्या उमेदवारांची रीघ त्याच्या दाराशी लागे. त्यांपैकी चार्ल्स गिटो या इसमास पॅरिसमधील वकिलातीचे पद हवे होते. ते मिळाले नाही, तेव्हा २ जुलै १८८१ रोजी त्याने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला गारफील्ड मरण पावले. या धक्क्यातून १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडल्टन कायदा संमत झाला आणि काही पदे स्पर्धापरीक्षेने भरण्यास प्रारंभ झाला. आरंभी एकूण पदांच्या सुमारे दहा टक्केच पदे या कायद्याखाली आली. बाकीची पूर्ववत पक्षाच्या हाती राहिली.

दास्यमुक्त कृष्णवर्णीयांचा संघ-शासनातील प्रवेश याच पक्षीय वाटपातून झाला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८६९ मध्ये एबेनेझर बॅसेट यांना हैतीतील राजनैतिक प्रतिनिधी नेमले. १८७७ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांस राजधानीच्या जिल्ह्याचे मार्शल करण्यात आले. गुलामगिरीतून पळून आलेला माणूस एवढ्या पदास पोहोचला, ही घटना सामान्य नव्हती. तथापि तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच वसंत ऋतूत राष्ट्राध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतील संघराज्याच्या लष्कराचा आधार काढून घेतला आणि लक्षावधी कृष्णवर्णीय पूर्वीच्या मालकांच्या हाती सापडले. शिवाय राष्ट्राध्यक्षांच्या समारंभांत पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम परंपरेने मार्शलकडे असे. डग्लस यांच्याकडून ते काढून घेण्यात आले. त्यांनी राजीनामा द्यावा, अशी टीका त्यांच्याच समाजातून झाली. डग्लस यांनी दिला नाही. परिचय करून देणे हा कायद्याने ठरविलेल्या कर्तव्याचा भाग नव्हता आणि मिळालेले स्थान सोडणे हा त्याला उपाय नव्हता, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेस कोणी लाचारी म्हणेल, कोणी मुत्सद्देगिरी. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पद एकास मिळाले आणि संरक्षण सर्वांचे गेले.

कृपेने मिळालेले पद राखण्याचे सामर्थ्यही कृपा करणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. दक्षिण कॅरोलिनातील लेक सिटी येथे १८९७ मध्ये फ्रेझियर बेकर या कृष्णवर्णीय शिक्षकाची पोस्टमास्तर म्हणून नेमणूक झाली. गावातील गोऱ्यांना ती मुळीच रुचली नाही. २२ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री, जेथे टपाल कचेरी होती आणि बेकर यांचे कुटुंबही राहत होते, त्या घरास जमावाने आग लावली आणि बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. बेकर आणि आईच्या कडेवर असलेली त्यांची तान्ही मुलगी ठार झाली. पत्नी व काही मुले जखमी झाली. आयडा वेल्स यांनी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्याकडे न्याय मागितला. १८९९ मध्ये खटला चालला, पण ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि कोणासही शिक्षा झाली नाही. संघराज्याचा शिक्का बेकर यांच्या हाती होता, पण त्या शिक्क्यामागे संघराज्य उभे राहिले नाही.

मिसिसिपीतील इंडियनोला येथील मिनी कॉक्स यांचे उदाहरण याहून काहीसे वेगळे आहे. त्या कुशल पोस्टमास्तर म्हणून गावात मान्यता पावल्या होत्या. तरी जेम्स व्हार्डमन या राजकारण्याने चेतविलेल्या गोऱ्यांनी त्यांचा राजीनामा मागितला. जानेवारी १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राजीनामा नाकारून ती टपाल कचेरीच बंद केली आणि कॉक्स यांचे वेतन चालू ठेवले. ही कृती बाणेदार होती. परंतु १९०४ मध्ये मुदत संपताच कचेरी दुसऱ्या माणसाच्या हाताखाली पुन्हा उघडली. व्हार्डमन पुढे सिनेटवर गेले, आणि १९१३ मध्ये पॅटर्सन यांच्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत तेच आघाडीवर होते.

पॅटर्सन यांचा पराभव हा एका माणसाचा पराभव नव्हता. त्याच वर्षी टपाल व अर्थ खात्यांत कृष्णवर्णीय कारकुनांना वेगळे बसविण्यास, त्यांची भोजनगृहे आणि शौचालये वेगळी करण्यास सुरुवात झाली. ह्यांपैकी अनेकजण स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण होऊन आले होते. मग परीक्षेचे दारही अरुंद करण्यात आले. १९१४ पासून अर्जासोबत छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. गुणानुक्रमे वरच्या तिघांतून एकाची निवड करण्याची मुभा अधिकाऱ्यास होती, त्यामुळे चेहरा पाहून नकार देणे सोपे झाले. ही सक्ती १९४० मध्ये उठली. १२ नोव्हेंबर १९१४ रोजी विल्यम मन्रो ट्रॉटर यांनी विल्सन यांना समक्ष जाब विचारला. १९१२ च्या निवडणुकीत ट्रॉटर यांनी त्यांचाच प्रचार केला होता. विल्सन यांनी विभक्ततेचे समर्थन केले आणि ट्रॉटर यांच्या बोलण्याच्या स्वराबद्दलच नाराजी व्यक्त केली. मतांच्या मोबदल्यात मिळालेले आश्वासन किती टिकते, हे त्या भेटीत दिसले.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पक्षाच्या मर्जीने मिळालेले पद समाजाची प्रतिष्ठा वाढविते, पण समाजाची सत्ता वाढवीत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. केवळ परीक्षा घेतल्याने न्याय होत नाही. निवड करणाऱ्याचा पूर्वग्रह कायद्याने बांधला नाही, तर गुणवत्तेची यादीही वगळण्याचे साधन बनते.

बाबासाहेबांच्या कार्याकडे या प्रकाशात पाहावे. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री झाले. तेही एका अर्थी नेमणुकीचेच पद. पण त्या पदाचा उपयोग त्यांनी नेमणुका मिळवून देण्यापुरता केला नाही, नियम बदलण्यासाठी केला. १९४३ मध्ये सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) मध्ये या तत्त्वास घटनात्मक अधिष्ठान मिळाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे त्यांचे लक्ष होते. संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागण्यासाठी त्यांनी १९४६ मध्ये विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. आणि ज्या पदावरून आपले कार्य पुढे नेता येत नाही, ते सोडावे लागते हेही त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देऊन दाखविले.

लेक सिटीच्या टपाल कचेरीस २०१९ मध्ये फ्रेझियर बेकर यांचे नाव देण्यात आले. १२१ वर्षांनी आलेली ही दखल स्वागतार्ह आहे. पण बेकर यांना गरज नावाची नव्हती. त्या रात्री आपल्या पाठीशी उभा राहणारा कायदा त्यांना हवा होता. पदासाठी धडपडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतःस एवढाच प्रश्न विचारावा : हे पद देणारा उद्या पाठमोरा झाला, तर माझ्या मागे काय उरेल?