अंदमानची निवांत सहल : घड्याळाऐवजी सावली पाहावी

अंदमान द्वीपसमूहावर नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात. त्यामुळे निवांत सहलीसाठी साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल हे महिने सोयीचे मानले जातात. या काळात समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, पाणी नितळ असते आणि आकाश निरभ्र. निरभ्र आकाशाचा दुसरा अर्थ म्हणजे प्रखर ऊन. चार-पाच दिवसांच्या सहलीत पहिल्याच सकाळी पाठ भाजून निघाली, तर उरलेले दिवस खोलीत पंख्याखाली काढावे लागतात. म्हणून विमानाची आणि निवासाची आरक्षणे करतानाच उन्हाचाही विचार करणे इष्ट ठरते.

"सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत उन्हात जाऊ नये" हा सल्ला सर्वत्र दिला जातो. अंदमानात मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही. याचे कारण भूगोलात आहे.

घड्याळ आणि सूर्य यांतील अंतर

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. श्री विजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये नामांतर झालेले पोर्ट ब्लेअर, जवळपास ९२.७ अंशांवर आहे, तर मुंबई ७२.९ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. या हिशेबाने अंदमानातील सूर्य मुंबईतील सूर्याच्या सुमारे ८० मिनिटे पुढे धावतो. मनगटावरील घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवते. २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत सूर्य दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी सर्वांत उंच असतो. श्री विजयपुरम येथे ती वेळ ११ वाजून १७ मिनिटांची असते. तेथे सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि सायंकाळी पाचला सूर्य मावळतो.

मुंबई-पुण्याच्या सवयीने आठला उठून, सावकाश नाश्ता करून, साडेनऊ-दहाला "अजून कोवळे ऊन आहे" अशा समजुतीने किनाऱ्यावर उतरणारा पर्यटक प्रत्यक्षात भर उन्हात उतरत असतो. उलट दुपारी तीनलाच ऊन पुष्कळ उतरलेले असते. सावधगिरी म्हणून चारपर्यंत खोलीत थांबणाऱ्याच्या वाट्याला डिसेंबरमध्ये जेमतेम तासभर उजेड येतो. सकाळी भाजायचे आणि संध्याकाळ गमवायची, असा हा दुहेरी तोटा आहे.

यावरचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. सपाट जागी उभे राहून स्वतःची सावली पाहावी. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन तुलनेने सौम्य असते. सावली उंचीइतकी झाली की सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आलेला असतो, आणि ती त्याहून आखूड झाली की आडोसा गाठावा. या कसोटीनुसार श्री विजयपुरम परिसरात डिसेंबरअखेर साधारण सव्वानऊ ते सव्वा हा काळ कडक उन्हाचा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो साडेआठ ते सव्वादोन इतका वाढतो. २० एप्रिलच्या सुमारास तर सूर्य थेट डोक्यावरून जातो आणि मध्यान्ही उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते. त्या दिवसांत सकाळी साडेनऊलाच सूर्य ६० अंशांहून वर आलेला असतो. डिसेंबरअखेर मुंबईत भर मध्यान्हीही तो ४८ अंशांपर्यंत पोहोचत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे फरकाची कल्पना यावी.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी हिशेब निराळा आहे. कवरत्तीचा रेखांश मुंबईच्या अगदी जवळचा असल्याने तेथे मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते आणि नेहमीचे घड्याळी पथ्य बऱ्याच अंशी चालते. मात्र तेथे प्रवेशासाठी भारतीय पर्यटकांनाही परवाना घ्यावा लागतो.

गारवा फसवा असतो

त्वचा भाजते ती मुख्यतः अतिनील किरणांमुळे आणि हे किरण अंगाला जाणवत नाहीत. अंदमानात समुद्रावरून सतत वारा येतो आणि पारा क्वचितच विदर्भातील उन्हाळ्यासारखा चढतो. नागपूरचा रहिवासी मे महिन्यात आपोआप डोक्याला उपरणे गुंडाळतो, कारण उष्णताच त्याला तसे करायला लावते. बेटावर ही सूचना मिळत नाही. पातळ ढगांतूनही अतिनील किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. कोरडी वाळू त्यांपैकी सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो तो यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या अतिनील निर्देशांकात ३ पासून पुढे संरक्षण घ्यावे, असे सांगितले आहे. ८ ते १० अतितीव्र आणि ११ पासून पुढे अत्यंत धोकादायक श्रेणी समजली जाते. भ्रमणध्वनीवरील हवामानविषयक सेवांमध्ये हा निर्देशांक बहुधा असतोच. तापमानाबरोबर तोही पाहावा.

दिवसाची आखणी

निवांतपणा हवा असेल तर बेटे कमी आणि मुक्काम अधिक ठेवावा. सहा रात्रींत श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप एवढे पुरे. शेवटच्या दोन बेटांची हॅवलॉक आणि नील ही नावे डिसेंबर २०१८ मध्ये बदलण्यात आली. जुन्या माहितीपुस्तकांत ती अजून आढळतात.

पहाटे पाचला उठणे सुट्टीत जिवावर येते, हे खरे. परंतु अंदमानात पहाटेची हीच वेळ सर्वांत सुखाची असते. स्वराज द्वीपाचा काळापत्थर किनारा पूर्वाभिमुख असल्याने तेथे सूर्योदय पाहावा. राधानगर किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि त्याच्या मागे उंच झाडांचे दाट जंगल आहे. त्यामुळे सकाळी लवकर गेल्यास जंगलालगतच्या वाळूवर झाडांची सावली मिळते. न्याहारी साडेसातनंतरच मिळत असेल, तर आदल्या रात्रीच चहा आणि बांधून दिलेला नाश्ता सांगून ठेवावा. सूर्यास्तासाठी राधानगरला साडेतीनच्या सुमारास पोहोचणे श्रेयस्कर. पोहताना मात्र जीवरक्षकांनी आखून दिलेली हद्द सोडू नये आणि अंधार पडण्यापूर्वी पाण्याबाहेर यावे. अंदमानच्या समुद्रात आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत, त्यामुळे इशाऱ्याचे फलक गंभीरपणे घ्यावेत.

मधला काळ एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी राखून ठेवावा. श्री विजयपुरम ते स्वराज द्वीप हा प्रवास बोटीच्या वेगानुसार दीड ते अडीच तासांचा आहे. आतल्या आसनावर बसून तो केल्यास ऊन आपोआप टळते. राजधानीत मानववंशशास्त्र संग्रहालय आणि नौदलाचे समुद्रिका संग्रहालय ही दुपारची ठिकाणे होत. १९११ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्ये आणण्यात आले, ते पाहिल्याशिवाय मराठी पर्यटक सहसा परतत नाही. तेथील प्रांगण आणि गच्ची उघडी असल्याने दुपार कलल्यावर जावे.

कपडे आधी, मलम नंतर

सनस्क्रीनच्या जाहिराती पाहून मलम हेच मुख्य साधन आहे असा समज होतो. वस्तुतः सावली आणि कपडे यांचा क्रम आधी लागतो. ३० एसपीएफचे मलम त्वचा भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि ५० एसपीएफचे सुमारे ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्यापेक्षा पुरेसे मलम लावणे महत्त्वाचे. प्रौढ व्यक्तीच्या संपूर्ण अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिलिलिटर मलम लागते. बाहेर पडण्यापूर्वी १५-२० मिनिटे ते लावावे, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. पोहण्याच्या आखूड पोशाखातील पती-पत्नींनी दिवसातून तीनदा याप्रमाणे पाच दिवस ते लावले, तर सुमारे ९०० मिलिलिटर मलम खर्ची पडेल. इतके कोणी विकत घेत नाही. अर्थातच ते पातळ, अपुरे लावले जाते.

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि रुंद काठाची टोपी वापरल्यास ही गरज सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते. क्रिकेटपटूंच्या धर्तीच्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात. पांढरा सुती सदरा भिजला की त्याची संरक्षक शक्ती घटते. म्हणून पाण्यात घट्ट विणीच्या कृत्रिम धाग्याचा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा वेश असावा. प्रवाळ पाहण्यासाठी पालथे तरंगणाऱ्यांना याची विशेष गरज असते. अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागावरील सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात. पृष्ठभागावर तरंगणारी पाठ, पोटऱ्या आणि गुडघ्यांमागचा भाग तर जवळजवळ उघड्यावरच असतो.

कपड्यांचा लाभ प्रवाळांनाही होतो. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे मलमांतील घटक प्रवाळांना अपायकारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रत्यक्ष समुद्रात हानी किती होते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरीही पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून या घटकांच्या मलमांवर विक्रीबंदी घातली. झिंक ऑक्साइडयुक्त मलम हा उपलब्ध पर्याय आहे. संध्याकाळी वाळूतील बारीक माश्या चावतात. त्यांसाठीचे औषध मलम वाळल्यावर लावावे.

विशेष दक्षता कोणी घ्यावी

सावळ्या त्वचेला काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण असते. परंतु वांगाचे डाग उन्हाने गडद होतात आणि डोळ्यांना त्वचेच्या रंगाचा काहीही उपयोग होत नाही. अतिनील किरण पूर्णपणे अडवणारा गडद चष्मा यासाठी घ्यावा. नुसत्या काळ्या काचा पुरेशा नाहीत. सहा महिन्यांखालील अर्भकांना मलमाऐवजी सावलीत आणि सैल कपड्यांत ठेवावे. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबावरील गोळ्यांमधील हायड्रोक्लोरोथायझाइड यांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. अशा रुग्णांनी औषध परस्पर बंद न करता निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एवढे करूनही त्वचा लालसर होऊन चुरचुरू लागली, तर लगेच सावलीत जावे, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि शहाळ्याचे पाणी, सरबत वा साधे पाणी भरपूर प्यावे. बर्फ थेट चोळू नये आणि फोड फोडू नयेत. ताप, वारंवार उलट्या, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्यावी. लहान बेटांवरील सोयी मर्यादित असून मुख्य शासकीय रुग्णालय श्री विजयपुरम येथे आहे. तेथे पोहोचण्यासाठी बोटीची वेळ पाहावी लागते.