गरगरणाऱ्या मेंढीची कुळकथा

कळपातली एखादी मेंढी चरणं सोडते, मान वाकडी करते आणि एकाच अंगाला गरगर फिरत राहते. जुन्या ग्रीसमध्ये असल्या झटक्यांना दैवी कोप म्हणत. हिपॉक्रॅटिसच्या नावावर असलेल्या फेफऱ्यावरच्या ग्रंथानं ते साफ खोडून काढलं: अशा शेळीचं डोकं फोडा, मेंदू पाण्यानं भरलेला आणि घाण वासाचा दिसेल, हा देव नव्हे, आजार आहे.

त्या पाण्यात जीव आहे हे उमगायला मात्र दोन हजारांवर वर्षं गेली. लाइपझिगच्या लेस्केनं १७८० मध्ये दाखवलं की मेंदूतला पाण्याचा फोड पट्टकृमीचाच आहे. फोडाच्या आतल्या पांढऱ्या ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका म्हणजे कृमीचं एक डोकं. एका फोडात अशी शेकडो असू शकतात.

मेंढपाळ काही विद्वानांसाठी थांबले नव्हते. फोड वाढला की वरचं हाड झिजून मऊ पडतं, अंगठ्याला ते कळतं. तिथं भोक पाडून फोड ओढून काढायचा. स्कॉटलंडचा मेंढपाळ-कवी जेम्स हॉग याची तऱ्हा आणखी धाडसी. पोरवयात तो मेंढरं राखता राखता मोजे विणायचा. सापडेल त्या गरगरत्या मेंढीच्या नाकपुडीतून विणकामाची सुई थेट मेंदूपर्यंत घालून तो फोड फोडायचा. बऱ्याच मेंढ्या बऱ्याही झाल्या, असं त्यानं १८०७ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या पोराचा अंदाज अचूक होता.

फोड मेंदूत येतो कुठून? रोगट शरीरातच तो आपोआप उपजतो, असं कित्येक शहाणेसुरते मानत. झिटाऊच्या क्युखेनमाइस्टर या डॉक्टरनं हे फोड कुत्र्यांना चारले, तर त्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढले. त्या कृमींचे तुकडे मेंढरांना चारले, तर मेंढरं गरगरू लागली. १८५४ मध्ये त्यानं असेच तुकडे कोपनहेगन, लूव्हाँ आणि गीसनच्या संशोधकांकडे धाडले. तिथली कोकरंही गरगरली.

म्हणजे गुन्हेगार निघाला राखणीचा कुत्रा! अन् त्याला हा कृमी देणारा खुद्द मालक, मेलेल्या मेंढीचं डोकं त्याच्यापुढं टाकणारा. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात, तिथून रक्तावाटे मेंदूत. शस्त्रक्रिया अजूनही होते. पण खरा इलाज डोकी जाळण्यात किंवा खोल पुरण्यात, आणि कुत्र्याला नेमानं जंताचं औषध देण्यात आहे.