न भरणारी जखम कोणती? : पनवेल तालुका आणि त्वचेच्या कर्करोगाची पारख

त्वचेच्या आजारांकडे पाहण्याच्या तीन पद्धतींच्या खुणा पनवेल तालुक्यात एकमेकींपासून फार दूर नाहीत. पनवेल शहरात 1872 मध्ये धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा राहिला. नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. अंगावरची एखादी जखम कर्करोगाची आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रकारच्या, हे ठरवण्याचा इतिहास या तिन्ही ठिकाणांच्या विद्येला स्पर्श करतो.

आयुर्वेदाने त्वचेच्या विकारांची बारकाईने विभागणी केली होती. चरकसंहितेत सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली आहेत. गाठींसाठी ग्रंथी आणि अर्बुद अशी वेगळी नावे आहेत. रंग, स्पर्श, स्राव आणि वेदना हे या विभागणीचे निकष. युरोपातले वैद्यही बराच काळ डोळ्यांवरच विसंबून होते. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी 1827 मध्ये पापणीजवळ हळूहळू मांस कुरतडत जाणाऱ्या व्रणाचे वर्णन केले, तेही बाह्य लक्षणांवरून. हा व्रण त्वचेच्या तळच्या थरातील पेशींसारख्या पेशींचा असतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी हंगेरीच्या क्रोंपेखर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. तोच आजचा बेसल सेल कार्सिनोमा.

मुंबई-कोकणात या विद्येचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. 1945 मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतीय सवयींशी जोडलेल्या तीन कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यांतला एक धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळलेले धोतर, त्याखाली घाम आणि सततचे घर्षण; तिथली कातडी आधी काळवंडते, जाड होते, मग चिरते आणि शेवटी व्रण पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे चपट्या पेशींचा कर्करोग, निघत असे. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या भाजलेल्या कातडीत होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद डॉ. एल्म्सली यांनी 1866 मध्येच केली होती. म्हणजे निदान करताना जखम शरीरावर नेमकी कुठे आहे आणि रोगी काय नेसतो, काय वापरतो, हे विचारणे भारतात तरी वरवरचे कुतूहल नव्हते. अर्धे उत्तर तिथेच मिळे. धोतर मागे पडले तरी हा व्रण गेला नाही. परकराची नाडी आणि लुगड्याची गाठ यांखाली झालेल्या कर्करोगाच्या दोन रुग्णांची माहिती वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केली.

खानोलकरांचा दुसरा अभ्यासविषय कुष्ठरोग होता, आणि हा योगायोग पनवेलच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना जाते, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम वर्षानुवर्षे उघडी राहते. अशा जुन्या जखमेतून क्वचित स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उद्भवतो. 1828 मध्ये जुन्या वणांवर होणाऱ्या व्रणांविषयी लिहिणाऱ्या फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांच्या नावाने तो ओळखला जातो. मात्र तशाच जखमेच्या कडेला नुसती फुलकोबीसारखी साधी वाढही होते. कातडी जाड होऊन खाली शिरते, पण तो कर्करोग नसतो. दोहोंतला फरक वरून पाहून ठरत नाही. वरवरचा चिमटीएवढा तुकडा घेतला तर पॅथॉलॉजिस्टही चकतो. कडेचा, तळापर्यंत खोल तुकडा लागतो. कारण पेशी खालच्या ऊतीत घुसल्या आहेत का, यावर सगळे अवलंबून असते. चुकीच्या निदानाने पाय कापला जाण्याचा किंवा उलट कर्करोग सुटून जाण्याचा धोका इथे खरा आहे.

काचपट्टीवर त्वचेच्या कर्करोगाच्या तीन मुख्य प्रकारांचे चेहरे वेगळे दिसतात. बेसल सेलमध्ये गडद पेशींचे पुंजके असतात, कडेच्या पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या रांगेत उभ्या असतात आणि पुंजक्याभोवती फट दिसते. स्क्वॅमसमध्ये केराटिनचे गोल, एकावर एक थर चढलेले मोती दिसतात. मेलॅनोमात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बेशिस्तपणे वर-खाली पसरतात. गोऱ्या कातडीवर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांतली चित्रे मात्र इथे पुरत नाहीत. सावळ्या कातडीत बेसल सेलची गाठ बहुधा काळसर असते आणि मेलॅनोमाचा संशय येतो. खरा मेलॅनोमा इथे बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली सापडतो. कुरूप, मुका मार किंवा भातलावणीतल्या चिखल्या समजून तो अंगावर काढला जातो.

रंगद्रव्य नसलेला मेलॅनोमा ओळखणे तर काचपट्टीवर वापरल्या जाणाऱ्या नुसत्या नेहमीच्या रंगांनी अवघड. त्यासाठी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एस-100 या प्रथिनाच्या आणि एचएमबी-45 या प्रतिपिंडाच्या चाचण्या आल्या. त्याआधी 1970 मध्ये अमेरिकेतल्या ब्रेस्लो यांनी गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून रोगाचा पुढचा अंदाज बांधण्याची रीत दिली होती. म्हणून अहवालात नावाबरोबर जाडीही येऊ लागली. खारघरच्या संस्थेचे मूळ असलेल्या परळच्या कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना 1952 ची. 2002 मध्ये ते खारघरला आले, आणि तेव्हापासून पनवेल तालुक्यातच कर्करोगाच्या पेशींचा जनुकीय पातळीवर अभ्यास होतो. प्रतिपिंडे आणि जनुके आली तरी 1945 ची पद्धत बाद झालेली नाही. तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर जखम कुठे होती, किती वर्षांची, तिथे पूर्वी भाजले किंवा घासले होते का, हे लिहिलेले नसेल, तर उत्तम प्रयोगशाळेचाही अहवाल अपुरा राहतो.