पुन्हा उभी राहिलेली बाग

कोल्हापूरच्या शाळांची सहल पुण्याला जाते तेव्हा शनिवारवाडा आणि सिंहगड ठरलेले असतात. सिंहगड रस्त्यावरच पु. ल. देशपांडे उद्यान आहे. सुमारे 10 एकरांचे हे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर केलेले आहे. म्हणून त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. मुलांना तेथे नेण्यापूर्वी मूळ बागेची गोष्ट आपल्याला ठाऊक असलेली बरी.

ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून 1687 मध्ये काम सुरू झाले. देखरेख त्सुदा नागातादा या अधिकाऱ्याची होती. 1700 मध्ये बाग आकाराला आली. त्याच वर्षी सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले, एवढे सांगितले की मुलांना काळाचा अंदाज येतो.

बाग सुमारे 13 हेक्टरांची. असाही नदीतल्या बेटावर, किल्ल्यासमोर. मधोमध तळे, त्यात छोटी बेटे, मोकळी हिरवळ, वळणावळणाचा ओढा आणि या सर्वांभोवती फिरणारी पायवाट. ही बाग एका जागी बसून नव्हे, तर चालत पाहायची. झाडे आणि उंचवटे अशा बेताने ठेवलेले असतात की एक दृश्य झाकले जाते आणि वळणापलीकडे दुसरे उघडते. त्सुनामासाचा मुलगा त्सुगुमासा याने पुढे सुमारे 6 मीटर उंचीची टेकडी रचली. तिच्यावरून सारी बाग एका नजरेत येते.

कुंपणाबाहेरचा किल्ला आणि मिसाओ डोंगरही या चित्रात धरलेले आहेत. या युक्तीला जपानी भाषेत ‘शाक्केई’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य, म्हणतात. तिच्यामागचे विज्ञान आपण एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेले असते. जवळची झाडे भराभर मागे पळतात, लांबचा डोंगर सोबत येतो. तो इतका दूर असतो, की आपण शंभर पावले चाललो तरी त्याच्याकडे पाहण्याचा कोन जेमतेम बदलतो. त्यामुळे पायवाटेवर पुढची दृश्ये पालटत राहतात आणि मागचा पडदा तोच राहतो. लहान बाग मोठी भासते ती यामुळे.

1884 मध्ये ही बाग सरकारी मालकीची होऊन सर्वांना खुली झाली. पुढे 1934 च्या पुराने आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्याने तिची मोठी हानी केली. तरीही ती पूर्वीसारखी उभी करता आली. कारण सरदारांच्या काळातली तिची चित्रे आणि आराखडे शिल्लक होते. कुठे काय होते, हे कोणाच्या आठवणीवर सोडावे लागले नाही.

पूर आपल्याला नवा नाही. 2005, 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेने कोल्हापुरात काय केले ते आपण पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर भिंत पुन्हा बांधता येते; पण पूर्वी काय होते याची नोंदच नसेल, तर नेमके काय परत उभारायचे?

आपण एवढे करू शकतो. मुलांकडून शाळेच्या आवाराचा किंवा रंकाळ्याच्या एखाद्या काठाचा पावलांनी मोजून नकाशा करून घ्यावा. झाडे, पायऱ्या, पाण्याची वाट दाखवावी. तारीख घालावी. आणि एक प्रत शाळेत, दुसरी पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.