चिमणरावांपासून मोगलीपर्यंत

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे पनवेलच्या कौलांवरही मुंबईकडे तोंड केलेल्या अँटेना दिसू लागल्या आणि ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर सारी आळी जमू लागली. या पडद्याने मराठी कुटुंबाला विनोद दिला, नाट्य दिले, मुलांना हलती चित्रे दिली. मात्र या तिहींची भाषा एक नव्हती. हा भेद का पडला, याचा आम्ही येथे मागोवा घेत आहोत.

विनोद पुस्तकातून आला. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. १९४० साली ‘लग्न पाहावे करून’ या चित्रपटातून ती रुपेरी पडद्यावर आली, तर १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती दूरदर्शनवर साकारली. कसलेले नट, साधे नेपथ्य आणि सकस मजकूर एवढे भांडवल पुरेसे ठरले.

नाट्याच्या पाठीशी मराठी रंगभूमी होती. तिने लेखक पुरविले, नटही पुरविले. ‘दामिनी’ने प्रेक्षकांना दैनंदिन मालिकेची सवय लावली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावरील ‘आभाळमाया’ घरोघरी पोहोचली.

बालकांच्या वाट्याला ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला. पण तो हाडामांसाच्या मुलाने रंगविलेला. रेखाटलेल्या चित्रांचे गणित निराळे असते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर २० मिनिटांच्या एका भागास २८,८०० चौकटी लागतात. एकेक चित्र दोनदा वापरले, तरी १४,४०० चित्रे उरतातच. एवढा खर्च एका प्रांताच्या प्रेक्षकवर्गावर भागविणे कठीण; देशभरच्या हिंदी प्रेक्षकांवर तो विभागता येतो.

कलावंत नव्हते, असे मात्र नव्हे. १९७४ साली ‘एक, अनेक और एकता’ हा लघुपट घडविणाऱ्या विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या, लघुपट हिंदी. जपानमध्ये तयार झालेली ‘जंगल बुक’ ही ५२ भागांची मालिका १९९३ साली दूरदर्शनवर आली, तीही हिंदीतून. तिच्यातील शेरखानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. ते मूळचे आमच्याच रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिऱ्याचे!

हिंदीविषयी आमची तक्रार नाही. त्या मोगलीने रविवारची सकाळ आनंदाची केली. तथापि चिमणरावांची फजिती पाहून आजी व नातू एकाच शब्दाला हसत; मोगली पाहताना नातू जे शब्द उचली, ते आजीच्या गोष्टीतले नसत. अस्वलाचा ‘भालू’ झाला, लांडग्याचा ‘भेडिया’.

आज संगणकामुळे चित्रे काढण्याचे श्रम पुष्कळ हलके झाले आहेत. त्यामुळे खर्चाची जुनी सबब आता तितकीशी टिकत नाही. उणीव आहे ती मुलांसाठी मनापासून मराठी लिहिणाऱ्यांची. चिं. वि. आणि ताम्हनकर यांनी पडद्याची वाट न पाहता आधी लिहून ठेवले होते, म्हणूनच पडद्याला पुढे त्यांच्याकडे जाता आले. आमच्या वाचकांतील शिक्षक व लेखक यांनी तेवढे काम हाती घ्यावे.