श्रद्धेचे छायाचित्र: जेरुसलेम ते लेवोचा

छायाचित्रणाची कृती 1839 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि ते वर्ष संपण्याआधीच कॅमेरा जेरुसलेमला पोहोचला. पॅरिसमधील लेरबूर या भिंगांच्या व्यापाऱ्याने साहित्य देऊन गुपिल-फेस्के याला पाठवले होते. चित्रकार ओरास व्हेर्ने यांच्यासोबत इजिप्तमार्गे तो पॅलेस्टाईनला गेला आणि त्याने शहराची चित्रे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवर उतरवली. ख्रिस्ती श्रद्धा आणि कॅमेरा यांचा संबंध असा अगदी आरंभापासूनचा आहे. तरी एक अडचण पहिल्या दिवसापासून होती आणि आज छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमात हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही ती तशीच उभी राहते. कॅमेऱ्याला समोर असेल तेवढेच दिसते, आणि श्रद्धा तर दिसत नाही. मग भिंग रोखायचे कशावर?

पहिल्या पिढीने ते भूमीवर रोखले. बायबलमधील इतिहास कितपत खरा, यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद चालू होता. ज्या डोंगरांची, तळ्यांची आणि वेशींची नावे शुभवर्तमानांत येतात त्यांची चित्रे अशा काळात पुराव्यासारखी वाटू लागली. ऑग्यूस्त साल्झमान 1853-54 मध्ये जेरुसलेमला गेला तो पुराव्यासाठीच. द सोल्सी या अभ्यासकाने तेथील भिंतींच्या वयाबद्दल केलेली विधाने त्याला तपासायची होती. त्याच्या चित्रांत दगड, सांधे आणि सावल्या भरपूर आहेत, माणूस मात्र क्वचितच दिसतो.

फ्रान्सिस फ्रिथ हा इंग्रज छायाचित्रकार क्वेकर पंथाचा, मनापासून धार्मिक. 1856 ते 1860 या काळात त्याने इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या तीन सफरी केल्या. तेव्हा काचेवर कलोडियन नावाचे रसायन पसरून, ते ओले असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन ते धुवावे लागे. फ्रिथच्या मोठ्या काचा 16 बाय 20 इंचांच्या होत्या. वाळवंटातील उन्हात तंबू इतका तापे की कलोडियन काचेवर ओतताच उकळू लागे. इतक्या कष्टाने मिळवलेली ही चित्रे लोकांनी श्रद्धेनेच विकत घेतली. ग्लासगोच्या विल्यम मॅकेंझी या प्रकाशकाने 1862 मध्ये फ्रिथची मूळ छायाचित्रे चिकटवलेली बायबलची भव्य आवृत्ती काढली. पण त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अरब, आर्मेनियन आणि ग्रीक ख्रिस्ती या चित्रांत जवळजवळ नाहीत. माणूस दिसलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. पुढे 1867 मध्ये बॉन्फिस कुटुंबाने बैरूतला स्टुडिओ थाटला. त्यांनी स्थानिक मेंढपाळ आणि शेतमजूर स्त्रिया चित्रांत आणल्या खऱ्या, पण बायबलमधील पात्रे म्हणून. समोरच्या बाईचे नाव गळले आणि खाली रूथ असे छापले गेले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये भूमी सोडून प्रसंग रचण्याकडे ओढा वळला. कलकत्त्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरन यांना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, 1863 च्या डिसेंबरात, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइट बेटावरील घरात त्यांनी कोंबड्यांचे खुराडे काचघर म्हणून वापरात आणले, कोळसा ठेवायच्या खोलीची अंधारखोली केली आणि घरच्या कामवालीला, मेरी हिलियरला, पवित्र मरियेच्या रूपात बसवले. गलातीकरांस पत्रात आत्म्याची जी नऊ फळे सांगितली आहेत त्यांवर त्यांनी नऊ चित्रांची मालिका केली आणि ती ब्रिटिश म्युझियमला दिली. या चित्रांतील मऊ, किंचित धूसर प्रकाश समकालीन तंत्रज्ञांना दोष वाटला. आज त्याच प्रकाशामुळे ही चित्रे पाहावीशी वाटतात. मोलकरणीच्या चेहऱ्यावर मरियेचे गांभीर्य उतरू शकते हा कॅमेरन यांचा विश्वास मोलाचा होता, आणि तो चित्रकारांच्या जुन्या परंपरेतून आलेला होता.

या वाटेचे शेवटचे टोक गाठले ते बॉस्टनजवळच्या नॉरवुडमधील फ्रेड हॉलंड डे याने. डे पुस्तकांचा प्रकाशक आणि संग्राहक. बव्हेरियातील ओबरआमरगाउ गावाने 1633 मध्ये महामारीच्या काळात नवस बोलला होता. त्या नवसानुसार तेथे ठरावीक वर्षांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाटक गावकरी स्वतः करतात. डेने 1890 चा प्रयोग पाहिला होता. गावातला साधा कारागीर रंगमंचावर ख्रिस्त होऊ शकतो, तर कॅमेऱ्यापुढे का नाही, असा त्याचा विचार होता. त्याने महिनोन्‌महिने केस आणि दाढी वाढवली, उपाशी राहून शरीर कृश केले आणि 1898 च्या उन्हाळ्यात नॉरवुडच्या टेकडीवर स्वतःला क्रुसावर चढवून सुमारे अडीचशे निगेटिव्ह तयार केल्या. त्याच वर्षीच्या सात चित्रांच्या मालिकेत क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांच्या क्षणी ख्रिस्ताचा चेहरा कसा असेल हे त्याने दाखवले. प्रत्येक वेळी आपला चेहरा दिसावा म्हणून कॅमेऱ्याला आरसा लावलेला होता.

चित्रे प्रदर्शनात आली आणि वाद पेटला. 1900 मध्ये लंडनलाही तो पोहोचला. काहींना हा पाखंड वाटला, तर काहींनी विचारले की रंगांत आणि संगमरवरात चालते ते छायाचित्रात का चालू नये. प्रश्न रास्त होता, पण डेच्या बाजूने उत्तर देता येत नाही. रंगवलेल्या क्रुसापुढे उभा राहणारा माणूस कोणाला समोर बसवून चित्र काढले हे विसरतो. छायाचित्रात ते विसरता येत नाही, कारण त्या क्षणी तो माणूस तेथे होता हीच छायाचित्राची साक्ष असते. डेची सातही चित्रे मनापासून घेतलेली आहेत आणि तरी त्यांत आधी डे दिसतो. 1904 मध्ये त्याच्या स्टुडिओला आग लागून बरेचसे काम नष्ट झाले. जे उरले ते रचलेल्या प्रसंगांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट पाहावे असे आहे.

डेने क्रुसाची चित्रे घेतली त्याच 1898 सालच्या 28 मे रोजी इटलीतील तुरीनमध्ये सेकोंदो पिया हा हौशी छायाचित्रकार विजेच्या दिव्यांच्या उजेडात येशूचे मानल्या जाणाऱ्या पवित्र कफनाचे चित्र घेत होता. पिया व्यवसायाने वकील. कापडावर मानवाकृतीचे फिकट डाग होते, पण काच धुतल्यावर निगेटिव्हवर चेहरा स्पष्ट, जिवंत छायाप्रकाशात उमटला. कापडावरील आकृतीच निगेटिव्हसारखी उलट होती. पियावर हातचलाखीचे आरोप झाले. ज्युझेप्पे एन्रीने 1931 मध्ये घेतलेल्या चित्रांनी ते खोडून काढले. 1988 च्या कार्बन चाचणीने कापडाचा काळ 1260 ते 1390 असा दिला आणि वाद नव्या जागी गेला. तरी प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवायच्या चित्रांमधून कोट्यवधी घरांत गेलेला तो चेहरा मुळात एका काचेच्या निगेटिव्हवरचा आहे.

श्रद्धा असलेल्या माणसाकडेच पाहायचे, ही वाट रुळायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले. हातात मावणारे कॅमेरे आणि वेगवान फिल्म आल्यावर ती शक्य झाली. छायाचित्रकार यूजीन स्मिथने 1950 मध्ये स्पेनमधील देलेइतोसा गावात काम केले. त्याचा लेख 1951 च्या एप्रिलमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आला. त्यात प्रथम ख्रिस्तशरीर घ्यायला निघालेली पांढऱ्या कपड्यांतली मुलगी आहे, मृताभोवती बसलेल्या स्त्रिया आहेत. पण स्मिथला मुख्यतः हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतले दारिद्र्य दाखवायचे होते. श्रद्धा त्या दारिद्र्याचा एक भाग म्हणून आली.

श्रद्धाच विषय म्हणून हाती घेतली ती प्रागच्या एका विद्यार्थिनीने. मार्केता लुस्काचोव्हा 1944 मध्ये जन्मल्या आणि चार्ल्स विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होत्या. चेकोस्लोव्हाकियात 1948 च्या फेब्रुवारीत साम्यवादी सत्ता आली. 1950 च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पुरुषांचे मठ ताब्यात घेण्यात आले आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला प्रेशोव्हमध्ये ग्रीक कॅथलिक चर्च बरखास्त झाल्याची घोषणा झाली. चर्चला जाण्यावर उघड बंदी नव्हती, पण नोकरीवर आणि मुलांच्या शिक्षणावर त्याचे सावट पडे. पाठ्यपुस्तकांच्या मते धर्म मरणपंथाला लागला होता. 1964 मध्ये स्लोव्हाकियात फिरताना लुस्काचोव्हांना यात्रेकरू भेटले आणि पुस्तकात मेलेला म्हणून सांगितलेला धर्म रस्त्यावरून पायी चालताना दिसला. स्लोव्हाकियातील पारंपरिक धर्माचरण हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय झाला. तो त्यांनी 1967 मध्ये पूर्ण केला आणि त्याला स्वतः घेतलेली छायाचित्रे जोडली. नंतर दोन वर्षे त्यांनी प्रागच्या चित्रपट अकादमीत छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. विषय आधी सापडला आणि कला त्यासाठी शिकली, हा क्रम त्यांच्या कामात जाणवतो.

लेवोचा हे पूर्व स्लोव्हाकियातील तटबंदीचे जुने शहर. तेथील सेंट जेम्स चर्चमध्ये मास्टर पावोल याने 1508 ते 1517 या काळात घडवलेली लाकडी वेदी 18.6 मीटर उंच आहे. गॉथिक शैलीची इतकी उंच वेदी जगात दुसरी नाही. शहराच्या वरच्या बाजूला मरियेचा डोंगर आहे. मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीच्या सणानिमित्त जुलैच्या पहिल्या रविवारी तेथे यात्रा भरते. आदल्या दिवसापासून गावोगावचे जथे क्रूस आणि पताका घेऊन, गाणी म्हणत पायी येतात. रात्रभर प्रार्थना चालतात, पापनिवेदनासाठी रांगा लागतात, थकलेले लोक गवतावरच आडवे होतात. पंढरीच्या वाटेवरचा मुक्काम पाहिलेल्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही.

लुस्काचोव्हांची गाजलेली बरीच चित्रे 1968 ची आहेत. त्या वर्षी ‘प्राग वसंत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुधारणांच्या काळात बंधने सैल झाली होती आणि जूनमध्ये ग्रीक कॅथलिक चर्चला पुन्हा मान्यता मिळाली होती. जुलैची यात्रा झाली आणि दीड महिन्याने, 21 ऑगस्टला, वॉर्सा करारातील देशांचे रणगाडे देशात शिरले. या घडामोडींची एकही खूण चित्रांत नाही. त्यांत झोपलेला यात्रेकरू आहे, गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या स्त्रिया आहेत, वर्षानुवर्षांच्या शेतीकामाने जाड झालेले हात आहेत. पवित्र असे वेगळे काही रचलेले नाही, आणि तरी ही माणसे कशासाठी आली आहेत याबद्दल शंका राहत नाही. श्रद्धा दिसत नाही, पण तिच्यासाठी शरीराने सोसलेले दिसते, हे फ्रिथला आणि डेला न सापडलेले उत्तर इथे मिळते.

हे साधले ते मुक्कामामुळे. क्राल्योवा होल्या शिखराच्या पायथ्याशी शुमियाच हे ग्रीक कॅथलिकांचे गाव आहे. तेथे लुस्काचोव्हा 1974 पर्यंत पुन्हा पुन्हा जात राहिल्या. यात्रेच्या दिवशी अनोळखी दिसणारी माणसे शुमियाचमध्ये स्वतःच्या अंगणात, शेतात आणि चर्चमध्ये भेटतात. समाजशास्त्राच्या शिस्तीने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: एकदा पाहिलेल्यावर विधान करायचे नाही. 1975 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या बाजारांची चित्रे घेऊ लागल्या. ‘पिलग्रिम्स’ या नावाने स्लोव्हाकियातील चित्रांचे प्रदर्शन 1983 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने भरवले.

क्रिस्तिना गार्सिया रोदेरो यांनी स्पेनमध्ये हाच मार्ग धरला. कलाशिक्षण संपल्यावर 1973 मध्ये हुआन मार्च प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळवून त्या गावोगावचे सण आणि मिरवणुका टिपू लागल्या. काम सुमारे पंधरा वर्षे चालले, ‘एस्पान्या ओकुल्ता’ हे पुस्तक 1989 मध्ये आले. आपल्याकडे प्रबुद्ध दासगुप्ता यांनी गोव्यातील कॅथलिक समाजाची कृष्णधवल चित्रे घेतली आणि 2009 मध्ये ‘एज ऑफ फेथ’ हा ग्रंथ केला. जाहिरात आणि फॅशनच्या जगात नाव कमावलेला हा छायाचित्रकार तेथे जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर आणि घरातल्या वेदीपाशी स्थिरावला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला असा प्रकल्प करण्यासाठी दूर जावे लागत नाही. 8 सप्टेंबरच्या मरियाजन्माच्या सणाभोवती वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला त्याच महिन्यात मतमाउलीची यात्रा असते आणि राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून मराठी ख्रिस्ती तेथे येतात, कित्येक पायी. वसईच्या गावांतून आणि अहिल्यानगरच्या जुन्या मंडळ्यांतून श्रद्धेच्या निराळ्या रीती अजून पाहायला मिळतात. ज्याला हा विषय करायचा आहे त्याने आधी फादरांना किंवा पाळकांना भेटून परवानगी घ्यावी, पापनिवेदनाच्या जागी कॅमेरा बंद ठेवावा, छापलेली चित्रे त्या त्या माणसांच्या घरी नेऊन द्यावीत, आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात पुन्हा जावे.