मस्टरवर नसलेल्या बाया

गिरणगाव बदललं कसं, असं विचारलं की लोक जमिनीचं सांगतात. ते खरंच आहे. पण मी लालबागच्या एका खानावळवालीची नात. मला चुलीपासून सुरुवात करावीशी वाटते.

१८५४मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी काढायला घेतली. बंदर हाताशी होतं. देशावरचा कापूस पुढे रेल्वेने येऊ लागला आणि इथलं सूत जहाजांनी चीनला जाऊ लागलं. परळ, लालबाग, वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली. कामाला माणसं आली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून, आणि बहुतेक एकटीच. बायकोपोरं गावी, इथे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पाळीपाळीने पथारी टाकायची. त्यांना जेवू घातलं ते चाळीतल्या बायांनी.

यातल्या काही जणी आधी स्वतः गिरणीत होत्या. १९२०च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. पुढे बायकांना रात्रपाळीला मनाई, वाइंडिंगच्या खात्यात नवी यंत्रं, अशी कारणं होत होत त्या बाहेर पडल्या. बाहेर पडून घरी बसणं मात्र कुणालाच परवडणारं नव्हतं.

आजीची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. एका पानाला एक माणूस. नावापुढे त्याचं खातं, साचेखाता (विणकाम) नाहीतर रिंगखाता (सूतकताई). दोन वेळच्या जेवणाच्या उभ्या रेघा. माणूस गावी गेला की ‘खाडा’, तेवढे पैसे वजा. पगार दहा तारखेला; तोवर वाणी उधारीवर माल देणार आणि कमी पडलं तर सावकार आहेच. कोकणातल्यांना भात आणि बोंबलाचं कालवण, घाटावरच्यांना भाकरी, तीही एकाच स्टोव्हवर. ‘बदली’ कामगारांच्या पानांवर बाकी सगळ्यात मोठी, कारण त्यांना रोज सकाळी गेटवर उभं राहावं लागे आणि काम मिळेलच याची खात्री नसे. मालकाने त्यांना कायम न करून जो पैसा वाचवला, तो माझ्या आजीच्या वहीत थकबाकी म्हणून उतरत होता. गिरणगावाचं अर्थशास्त्र मला याच पानांवर कळलं.

सावकाराच्या व्याजातून या बायांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. खानावळवालीला कष्टकरी म्हणून मोजणाऱ्या त्या पहिल्या काही लोकांपैकी एक. त्यांचं ऋण मोठं आहे.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वहीत त्यानंतरही जेवणाच्या रेघा आहेत, जमेचे रकाने मात्र कोरे. हळूहळू नावंच कमी होत जातात. माणसं गावी परतली.

जमिनीचं पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९९१च्या नियमाने बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१मध्ये नियम बदलून वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. त्याआधीच, २००५मध्ये, एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली होती. खानावळ चालायला लागतं काय? पाळीवर जाणारी माणसं, पागडीची स्वस्त खोली, आणि महिनाभर थांबणारा वाणी. पाळ्या संपल्या, खोल्यांना टॉवरचे भाव आले, वाण्याच्या जागी रोकडा मागणारी दुकानं आली. कुणी खानावळ बंद पाडायचा हुकूम काढला नाही. तसा तो काढावाही लागला नाही.

म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवरच्या कामगारांच्या घरांसाठी निकष ठरला तो १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर मस्टरवर नाव असण्याचा. दीड लाख कामगार आणि त्यांच्या वारसांचे अर्ज आले. घरं त्या मानाने फारच थोडी. त्या रांगेतही आजीला जागा नव्हती. ज्यांनी संपाच्या काळात उधारीवर गिरणगाव जगवलं, त्यांना नुकसानग्रस्त म्हणून कोणत्याच यादीने ओळखलं नाही. हा अन्याय आहे, आणि मुंबईच्या बदलाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो अन्याय म्हणूनच नोंदवायला हवा.

तुमच्या घरात अशी वही असेल तर रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढून ठेवा आणि जिने ती लिहिली तिचं नाव, गाव आणि चाळ मागच्या पानावर लिहा.